वाटाड्याची निवृत्ति

साहित्यांतील वियोगाचे प्रकार मोजावयास बसलें तर मरणाचा वियोग, प्रवासाचा वियोग, रुसव्याचा वियोग व शापाचा वियोग हे चार सहज हातीं लागतात. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं करुण आणि विप्रलंभ यांच्यामधील सीमारेषा आंखतांना एकच कसोटी मुख्य मानिली. पुनर्मीलनाची आशा शिल्लक असेल तर विप्रलंभ, ती समूळ तुटली असेल तर करुण. ही कसोटी शेंकडों वर्षें पुरली. परंतु गेल्या शंभर वर्षांत एक असा वियोग मनुष्याच्या वांट्यास आला आहे कीं, तो या दोहोंपैकीं कोणत्याहि घरांत नीट बसत नाहीं. अंध मनुष्याला रस्त्यानें सांभाळून नेणारा कुत्रा थकतो, त्याला कामांतून मोकळें करावें लागतें, आणि तो जिवंत व पूर्वीइतकाच प्रेमळ असतांना त्याची सोबत संपते. कोणी मेलेलें नसतें, कोणी रुसलेलें नसतें, कोणीं शाप दिलेला नसतो; आणि तरीहि घरांत सुतक असल्यासारखी शांतता पसरते. या प्रसंगाच्या आसपास इंग्रजींत व जपानींत जें लेखन झालें आहे, त्यांतील कांहीं पुस्तकांचा परामर्श घेऊन, हा वियोग सोसावयास साहित्य मनुष्याला कितपत साह्य करतें, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या बहुतेक वाचकांनीं असा कुत्रा प्रत्यक्ष कामावर असलेला पाहिला नसेल. आपल्या देशांत अंधांची भिस्त पांढऱ्या काठीवर व सोबत्याच्या खांद्यावर आहे. आपले मोडके पदपथ आणि त्यांवरील मोकाट कुत्रीं पाहतां वाटाड्या कुत्र्याला येथें काम करणें किती अवघड जाईल, हें सांगावयास नको. म्हणून त्याच्या कामाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. असा कुत्रा धन्याला इच्छित स्थळीं आपण होऊन पोंचवितो, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. वाट धन्याच्या डोक्यांत असते. डावें, उजवें, सरळ हें तोच सांगतो. कुत्रा वाटेंतला खड्डा, खांब, उभी गाडी, डोक्यास लागेल अशी फांदी चुकवितो, पायरीपाशीं थांबतो, आणि समोरून मोटार येत असतां धन्यानें पुढें चलण्यास सांगितलें तरी हुकूम मोडून जागचा हलत नाहीं. त्याच्या छातीपाठीवरून एक पट्टा जातो व त्या पट्ट्याला एक ताठ दांडी असते. ती डाव्या हातांत धरली कीं, कुत्र्याच्या खांद्यांची प्रत्येक हालचाल मनुष्याच्या तळहातांत उतरते. वळण, पायरी, घाई, शंका, भीति हें सर्व त्या दांडींतून कळतें. पुढें जें सांगावयाचें आहे तें समजण्यासाठीं ही दांडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाहीं. पहिल्या महायुद्धांत डोळे गमावलेल्या सैनिकांसाठीं जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं अशा कुत्र्यांची पहिली पद्धतशीर शाळा निघाली. पुढें पॉट्सडाम येथील शाळा पाहून डोरोथी युस्टिस या स्वित्झर्लंडांत राहणाऱ्या अमेरिकन बाईंनीं ५ नोव्हेंबर १९२७ च्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकांत एक लेख लिहिला. नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाच्या कानावर तो लेख पडला. १९२८ सालीं तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नांवाची जर्मन शेफर्ड जातीची कुत्री घेऊन परतला. १९२९ सालीं अमेरिकेंत 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्यें अशा पहिल्या चार जोड्या १९३१ सालीं तयार झाल्या.

आतां एक साधा हिशेब पाहूं. वाटाड्या कुत्रा सुमारें दोन वर्षांचा झाला कीं कामाला लागतो, आणि आठ ते दहा वर्षांचा होईपर्यंत काम करतो. पंचविसाव्या वर्षीं पहिला कुत्रा घेणारा मनुष्य सत्तरीपर्यंत जगला, तर त्याला हा निरोप पांच-सहा वेळां तरी द्यावा लागतो. विवाहाच्या बोहल्यावर वियोगाची तारीख कोणी सांगत नाहीं. येथें मात्र पहिल्या भेटीच्या दिवशींच ती जवळपास ठाऊक असते. इतका निश्चित, इतका वारंवार येणारा प्रसंग या विषयावरील पुस्तकांत मध्यवर्ती असेल, अशी कोणाचीहि अपेक्षा होईल. पुस्तकें चाळूं लागल्यावर मात्र असें दिसतें कीं, भेट, शिक्षण, पराक्रम व मृत्यु यांना भरपूर जागा मिळते, आणि निवृत्तीला त्या मानानें फारच थोडी.

मॉरिस फ्रँक यानें ब्लेक क्लार्क याच्या सहकार्यानें लिहिलेलें 'फर्स्ट लेडी ऑफ द सीइंग आय' हें पुस्तक १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. तें एका प्रचारकाचें पुस्तक आहे, आणि त्यांत दोष मानण्याचें कारण नाहीं. आगगाडींत, उपाहारगृहांत व कचेरींत कुत्र्यासह अंधाला प्रवेश मिळावा म्हणून ज्यानें जन्मभर झगडा केला, त्याच्या लेखणींत विजयाचा सूर असावा, हें स्वाभाविकच होय. परंतु फ्रँकच्या चरित्रांतील एक गोष्ट आम्हांला त्याच्या साऱ्या विजयांहून अधिक बोलकी वाटते. पहिली बडी १९३८ सालीं वारली. त्यानंतर त्याच्याकडे जे जे कुत्रे आले, त्या सर्वांचें नांव त्यानें बडी हेंच ठेविलें. आपल्याकडे आजोबांचें नांव नातवाला ठेवितात, तेव्हां त्यांत कृतज्ञता असते. पण नातवानें दुसऱ्याच दिवशीं आजोबांची पगडी घालून त्यांच्या गादीवर बसावें, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. एकच नांव पुढें चालविण्यांत पहिलीविषयींची निष्ठा आहे, तसाच ती गेली हें मान्य करण्यास नकारहि आहे, असें आम्हांला वाटतें. शिवाय पुढें येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला दुसऱ्याच्या नांवांत राहावें लागतें. नवा कुत्रा घेणाऱ्या मनुष्यापुढें जो खरा प्रश्न उभा राहतो, त्याचें इतकें चोख उदाहरण क्वचितच सांपडेल.

शीला हॉकेन या इंग्रज बाईंचें 'एमा अँड आय' (१९७७) हें पुस्तक याहून वेगळ्या जातीचें आहे. एमा ही तपकिरी रंगाची लॅब्राडॉर. तिच्या आधारानें शीलाबाई स्वतंत्रपणें हिंडूंफिरूं लागल्या, आणि १९७५ सालीं शस्त्रक्रियेनें त्यांना दृष्टि आली. बाईंना रंग दिसूं लागले, आणि एमाचें काम संपलें. निवृत्तीचें कारण येथें कुत्र्याची थकलेली शक्ति नसून धनिणीचें सौख्य आहे. या विलक्षण योगामुळें पुस्तकाला एक निराळी कोमलता आली आहे. जिनें आपल्याला इतकीं वर्षें जग दाखविलें, तिला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतांना आनंद व अपराध यांची जी सरमिसळ मनांत व्हावी, ती बाईंनीं साध्या घरगुती भाषेंत उतरविली आहे. परंतु हें पुस्तक वाचून ज्याला दिलासा हवा आहे, त्याला एक अडचण येते. शीलाबाईंना एमाच्या जागीं दुसऱ्या कुत्र्याची दांडी धरावी लागली नाहीं. एमा घरांतली लाडकी म्हातारी होऊन राहिली, कारण तिची जागा घेणारें कोणी यावयाचेंच नव्हतें. बहुतेकांचें नशीब असें नसतें. तरीहि बाई पुढें अनेक पुस्तकांतून एमाकडे पुन्हां पुन्हां वळल्या, आणि त्यांतील एकाचें नांवच 'आफ्टर एमा' असें आहे. सोबत संपली तरी तिची कथा सांगत राहणें, हा शोकावरील उतारा किती जुना व किती खरा आहे, हें त्यावरून दिसतें.

मायकेल हिंगसन याचें सुझी फ्लोरी हिच्या सहकार्यानें लिहिलेलें 'थंडर डॉग' (२०११) हें पुस्तक सर्वांत प्रसिद्ध. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क येथील जागतिक व्यापार केंद्राच्या पहिल्या मनोऱ्याच्या ७८ व्या मजल्यावरून तो आपल्या रोझेल या कुत्रीसह जिना उतरून बाहेर आला. हा प्रसंग इतका प्रचंड आहे कीं, त्याच्यापुढें बाकी सर्व आयुष्य पुसट व्हावें. आणि पुस्तकांत तसें झालेंहि आहे. रोझेल आजारामुळें २००७ सालीं निवृत्त झाली व २०११ सालीं वारली. जिन्यावरच्या त्या एका दिवसाला पानांमागून पानें मिळतात; मधल्या त्या चार वर्षांचा, आपल्याला वांचविणारी कुत्री घरीं ठेवून दुसरीसह दाराबाहेर पडण्याचा अनुभव मात्र वाचकाला बराचसा कल्पनेनेंच भरून काढावा लागतो. पराक्रमाची कथा लिहिणाऱ्याला ही तक्रार अन्यायाची वाटेल. परंतु ज्या हजारों अंधांच्या आयुष्यांत असा मनोरा कधींच कोसळत नाहीं, त्यांच्याहि कुत्र्यांचीं गात्रें एके दिवशीं थकतातच, हें आम्हांला विसरतां येत नाहीं.

मग या निवृत्तींत नेमकें काय हरपतें? याचें उत्तर दोन लेखकांकडे सांपडतें. स्टीफन कूसिस्टो हा अमेरिकन कवि. लहानपणापासून आपलें अंधत्व लपविण्याची त्याला संवय लागली होती. तिची कहाणी त्यानें 'प्लॅनेट ऑफ द ब्लाइंड' (१९९८) मध्यें सांगितली. वयाची पस्तिशी उलटल्यावर कॉर्की ही लॅब्राडॉर त्याच्याकडे आली, आणि तिच्यासह तो प्रथमच उघडपणें अंध म्हणून रस्त्यावर चालूं लागला. 'हॅव डॉग, विल ट्रॅव्हल' (२०१८) हें पुस्तक त्या बदलाचें आहे. दुसरा लेखक रॉड मिकाल्को, हा समाजशास्त्रज्ञ. त्याच्या पुस्तकाचें नांवच 'द टू-इन-वन', म्हणजे दोघांचें मिळून एक. दोघांनाहि सांगावयाचें आहे तें असें कीं, दांडी धरलेला मनुष्य हा काठी धरलेल्या मनुष्याहून वेगळा असतो. त्याची चाल वेगळी, मान वेगळी, अनोळखी लोक त्याच्याशीं बोलतात तेंहि वेगळें. तेव्हां कुत्रा निवृत्त होतो, त्या दिवशीं एक मित्र कामावरून जातो एवढेंच होत नाहीं. आपलें आपल्यालाच ओळखीचें झालेलें एक रूपहि खुंटीवर टांगलें जातें. नवा कुत्रा मिळेपर्यंत पुन्हां काठी हातीं घ्यावी लागते, आणि ज्या रस्त्यावरून कालपर्यंत झपझप गेलों तोच रस्ता कोसभर लांब वाटूं लागतो. पाळीव प्राण्याच्या वियोगाशीं या दुःखाची तुलना करणारे लोक ही गोष्ट विसरतात.

या दुःखाला आणखी एक कंगोरा आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत बोंचरा. मरण आपल्याला न विचारतां येतें. निवृत्तीचा निर्णय मात्र कोणाला तरी घ्यावा लागतो. शाळेचे जाणकार तपासणी करतात, सल्ला देतात. पण पहिली बातमी बहुधा दांडीच देते. ओढ कमी होते. फुटपाथच्या कांठापाशीं कुत्रा पूर्वीपेक्षां क्षणभर अधिक थांबतो. पट्टा काढल्याचा आवाज ऐकून धांवत येणारा आतां सावकाश उठतो. हें सर्व धन्याच्या हाताला अगोदर कळतें, आणि त्याचें मन तें कित्येक महिने कबूल करीत नाहीं. आज ऊन फार होतें, रात्रीं झोंप झाली नसेल, अशीं कारणें तो शोधीत राहतो. निर्णय झाल्यावरहि वाटा तीनच. म्हाताऱ्याला घरीं ठेवून दुसरा आणावा, तर नव्याच्या पाठीवर पट्टा चढतांना जुना उठून दाराशीं येऊन उभा राहतो. नातलगाकडे वा मित्राकडे द्यावा, तर आपण त्याला टाकलें असें वाटतें. ज्या कुटुंबानें तो पिल्लूपणीं वाढविला त्याच्याकडे वा शाळेकडे परत पाठवावा, तर घर एका दिवसांत रिकामें होतें. म्हातारा बैल गोठ्यांत ठेवावा कीं बाजार दाखवावा, या प्रश्नानें ज्या शेतकऱ्याची झोंप उडाली आहे, त्याला या मनुष्याचें मन समजावून सांगावें लागणार नाहीं.

नव्या कुत्र्याची बाजूहि पाहिली पाहिजे. तो काल शाळेंतून आलेला, उत्साही, आणि नव्या धन्याची भाषा अजून न कळणारा. आठ वर्षांच्या मुरलेल्या सोबतीशीं त्याची पहिल्या आठवड्यांतच तुलना होते. पहिली बायको वारलेल्या घरांत दुसरीपणावर आलेल्या मुलीची जी गत आपल्या कादंबरीकारांनीं वर्णिली आहे, तीच त्याची. धन्यानें विसरूं नये असें एवढेंच कीं, ज्या जुन्या कुत्र्याशीं ही तुलना चालली आहे, तोहि पहिल्या आठवड्यांत असाच अडाणी होता.

अमेरिकन पंडित केनेथ डोका यानें १९८९ सालीं अशा शोकाला एक नांव दिलें. समाज ज्या शोकाला शोक म्हणून मान्यताच देत नाहीं, असा तो शोक. येथें आम्हांला होमरची आठवण होते. वीस वर्षांनीं वेष पालटून घरीं आलेल्या ओडिसियसला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस उकिरड्यावर पडलेला दिसतो. एके काळचा हा शिकारी कुत्रा. काम संपलें तसें त्याला कोणी विचारीनासें झालें. तो धन्याला ओळखतो, शेंपूट हलवितो आणि प्राण सोडतो. आणि ओडिसियसला, आपण ओळखूं येऊं नये म्हणून, डोळ्यांतलें पाणी चोरून पुसावें लागतें. काम संपलेल्या कुत्र्याचें चित्र व चोरून करावयाचा शोक, दोन्ही एकाच ठिकाणीं. कुत्रा जिवंत आहे, मग रडतां कशाला, असें ज्याला चार जणांनीं ऐकविलें आहे, त्यानें हा प्रसंग अवश्य वाचावा.

आपल्या वाङ्मयांत या वियोगाला आधार कोठें मिळेल? कुत्र्याचें नांव निघालें कीं धर्मराज आठवतो. महाप्रस्थानिक पर्वांत भावंडें व द्रौपदी वाटेंत गळून पडतात, कुत्रा शेवटपर्यंत येतो, आणि त्याला टाकून स्वर्गाच्या रथांत चढण्यास युधिष्ठिर नकार देतो. परंतु निवृत्तीच्या प्रसंगीं हा दृष्टान्त दुखऱ्या जागींच बोट ठेवतो. अंध मनुष्याला स्वर्ग नको असतो. त्याला नोकरीवर जावयाचें असतें, मुलाला शाळेंत पोंचवावयाचें असतें, आणि त्यासाठीं थकलेल्या सोबत्याला मागें ठेवून पुढें चालावेंच लागतें. या मनुष्याला धर्मराजाच्या मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. युधिष्ठिराचा कुत्रा थकत नाहीं, कारण तो साक्षात् धर्म असतो. लॅब्राडॉरचे सांधे मात्र दुखतात. दुखऱ्या सांध्यांनिशीं त्याच्याकडून काम करून घेणें, तें सुद्धां आपल्याला वियोग सोसवत नाहीं एवढ्यासाठीं, यांत निष्ठा कोणती?

आम्हांला अधिक जवळचा वाटतो तो शाकुंतलाचा चौथा अंक. तेथें कोणी मेलेलें नाहीं. निर्णय योग्य आहे, कण्वानेंच घेतलेला आहे, आणि तरीहि वनवासी ऋषीचा कंठ दाटून येतो. शकुंतलेनें वाढविलेलें हरिणाचें पाडस तिचें वस्त्र ओढीत मागें येतें. पाठवणी ही अशी एक रीत आहे कीं, तींत निर्णय बरोबर असणें आणि डोळे भरून येणें या दोन गोष्टींचें भांडण नसतें. दोहोंनाहि मांडवांत जागा असते. भेद एवढाच कीं, शकुंतला नव्या संसाराला निघते व कुत्रा विश्रांतीला. परंतु आमच्या या शोकार्त मनुष्याला हवी आहे ती पाठवणीचीच मुभा. दिवस ठरवावा, स्नेह्यांना बोलवावें, ओळखीच्या रस्त्यानें शेवटचें एकदां हिंडून यावें, पट्टा आपल्या हातानें उतरवावा, आणि रडावयाचें असेल तर उघड रडावें. ज्या शोकाला रीत मिळते, तो सोसतां येतो.

या दृष्टीनें पाहतां आम्हांला सर्वांत समाधान देणारी कृति जपानी आहे. छायाचित्रकार र्योहेइ आकिमोतो व लेखक केंगो इशिगुरो यांनीं २००१ सालीं क्विल या लॅब्राडॉरचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यावर योइची साइ यानें २००४ सालीं चित्रपट काढला. क्विल १९८६ सालीं टोकियोंत जन्मला व क्योटोंतील एका कुटुंबांत वाढला. त्याचा धनी आजारी पडून वारला. म्हणजे येथें मागें राहिला तो कुत्रा. पुढें त्यानें लोकांना वाटाड्याचें काम दाखविण्याची सेवा केली, आणि थकल्यावर तो, जेथें पिल्लू म्हणून वाढला त्याच घरीं परतला. तेथेंच १९९८ सालीं, बारा वर्षांचा होऊन, त्यानें डोळे मिटले. या पुस्तकाचें वैशिष्ट्य असें कीं, तें धन्याचें आत्मचरित्र नाहीं. कुत्र्याचें सबंध आयुष्य त्यांत आहे, आणि त्या आयुष्यांत काम हा मधला एक खंड आहे. बाल्य, सेवा व विश्रांति या तिहींना त्यांत सारखीच जागा असल्यामुळें निवृत्ति हा अपघात वाटत नाहीं. चौथ्या प्रहराप्रमाणें ती आपल्या वेळीं येते. ज्या देशांत साप्पोरो येथें १९७८ सालींच वृद्ध वाटाड्या कुत्र्यांसाठीं निराळें निवासस्थान उघडलें गेलें, त्या देशांत असें पुस्तक व्हावें, हें आम्हांला योग्यच वाटतें.

कुत्र्याच्या इमानाविषयीं जगांत पुष्कळ लिहून झालें आहे, आणि त्यांत नवी भर घालणें सोपें नाहीं. निवृत्तीच्या दिवशीं परीक्षा असते ती मनुष्याच्या इमानाची. आपली सोय व त्याची विश्रांति यांत दुसरीला कौल देणें, जुन्याच्या म्हातारपणाची तजवीज नव्याच्या आगमनापूर्वीं करणें, नव्याला स्वतःचें नांव व स्वतःची चाल असूं देणें, आणि या सर्वांत आपल्याला होणारें दुःख लपवून न ठेवणें, एवढें त्याच्याकडून मागतां येईल. लेखकांकडे आमचें मागणें याहून लहान आहे. पुढील पुस्तकांत त्यांनीं पराक्रमाचीं चार पानें कमी करावीं, आणि पट्टा उतरल्यानंतरच्या सकाळीं त्या घरांत काय घडलें, तें सविस्तर सांगावें. ज्याला तो दिवस अजून यावयाचा आहे असा वाचक कोठें ना कोठें तें पुस्तक कानांनीं किंवा बोटांनीं वाचीत असेल.